सिंड्रेलाची कमाई कुणाच्या हातात?

 हात कामात असतील तर असू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या दोन भागांत आपण अंतर्गत कर्जाचे हप्ते आणि गटाचं इतिवृत्त कसं लिहायचं, यावर बोललो. आज हिशोबाची वही जरा बाजूला ठेवू आणि गोष्टींबद्दल बोलू. सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली मुलगी, लांब केसांची रॅपन्झेल या परीकथा आपण शाळेत ऐकल्या, मुलांना सांगितल्या. आता त्या विज्ञानकथा होऊन आपल्या कॉलेजातल्या मुलींच्या हातात आल्या आहेत. राजवाड्याच्या जागी अंतराळयान आहे आणि जादूच्या जागी यंत्र. हा काय प्रकार आहे आणि आपण आयांनी त्याकडे कसं पाहावं, हे आज बघू.

विषय निघाला तो असा. गटाच्या कार्यालयात मुलींसाठी पुस्तकांचं एक कपाट आहे. अकरावी-बारावीच्या चार-पाच मुली तिथली चार जाडजूड इंग्रजी पुस्तकं आळीपाळीने नेत होत्या. शब्दकोश शेजारी ठेवून, अडखळत वाचायच्या, पण सोडायच्या नाहीत. एका ताईंनी आम्हाला विचारलं, “हे चंद्रावरच्या राण्यांचं वाचून पोरींना काय मिळणार?” प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्याकडेही नव्हतं, कारण आम्ही कुणीच ती पुस्तकं उघडलेली नव्हती. मग आम्ही मुलींनाच सांगितलं, की महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या, की शेवटची वीस मिनिटं तुमची. एकेक पुस्तक मराठीत सांगा. चार महिने हे चाललं. आम्हीही त्यांच्याबरोबर वाचत गेलो.

या चार पुस्तकांच्या मालिकेचं नाव ‘द लूनर क्रॉनिकल्स’. लेखिका अमेरिकेतल्या मारिसा मेयर. पहिलं पुस्तक ‘सिंडर’ २०१२ साली आलं, मग ‘स्कार्लेट’ २०१३ ला, ‘क्रेस’ २०१४ ला आणि ‘विंटर’ २०१५ ला. चार पुस्तकांत चार परीकथा आहेत आणि चारही मुली शेवटी एकाच मोठ्या लढाईत एकमेकींना भेटतात.

पहिली शंका आमच्याच मनात आली ती अशी, की जुन्या गोष्टीची अशी मोडतोड करावी का? पण शोधत गेलो तेव्हा कळलं, की ‘मूळ गोष्ट’ म्हणून आपण जी धरून बसतो, तीच कुणीतरी बदललेली असते. सिंड्रेलाचा काचेचा बूट फ्रान्सच्या शार्ल पेरो यांच्या १६९७ सालच्या पुस्तकात आहे. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली जी गोष्ट छापली, तिच्यात काच नाही आणि परीही नाही. तिथे आईच्या थडग्यावरचं झाड मुलीला कपडे देतं. बूट पायात बसावा म्हणून सावत्र बहिणींपैकी एक अंगठा कापते, दुसरी टाच. आणि या दोघांच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, चीनमध्ये दुआन चेंगशी यांनी येशियान नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली होती. तिलाही सावत्र आई आहे. परीच्या जागी माशाची हाडं आहेत आणि बूट सोन्याचा आहे.

म्हणजे ही गोष्ट हजार वर्षांपेक्षा जास्त काळ गावोगाव फिरते आहे. जिथे गेली तिथले कपडे तिने घातले. मारिसा मेयर यांची सिंडर राहते ती न्यू बीजिंग या भविष्यातल्या शहरात. गोष्ट फिरून पुन्हा चीनमध्येच आली, याची आम्हाला गंमत वाटली.

आता विज्ञानकथा करताना नेमकं काय बदलतं, ते पाहू. सिंडर सोळा वर्षांची मुलगी आहे. लहानपणी झालेल्या अपघातानंतर शस्त्रक्रिया करून तिला धातूचा हात आणि धातूचा पाय बसवलेला आहे. मेंदूलाही यंत्र जोडलेलं आहे. अशा अर्ध्या माणूस, अर्ध्या यंत्र असलेल्या व्यक्तीला सायबॉर्ग म्हणतात. पुस्तकात तर आकडाच दिला आहे, की तिच्या शरीराचा ३६.२८ टक्के भाग माणसाचा नाही. ती बाजारात एका टपरीवर बसून यंत्रं दुरुस्त करते आणि त्या शहरातली नावाजलेली मेकॅनिक आहे. राजपुत्र पहिल्यांदा भेटतो तो नाचाच्या समारंभात नव्हे. तो आपला बिघडलेला यंत्रमानव घेऊन तिच्या टपरीवर येतो.

काचेचा बूट कुठे गेला? मुलींनी आम्हाला हे कोडंच घातलं होतं. सिंडरचा धातूचा पाय ती लहान असताना बसवलेला आहे. ती वाढली, पाय वाढला नाही. नवा पाय ती मोठ्या मुश्किलीने मिळवते, तर सावत्र आई तो काढून घेते. शेवटी समारंभाला जाताना तिला तोच जुना, लहान पाय घालावा लागतो. परतताना जिन्यावर बूट निसटायचा, त्या जागी तिचा पायच निखळून पडतो. भोपळ्याच्या रथाच्या जागी भंगारात मिळालेली नारिंगी रंगाची जुनी पेट्रोल गाडी आहे, ती तिने स्वतः दुरुस्त केलेली आहे. आणि ती समारंभाला जाते ती नाचायला नाही, राजपुत्राला एका कटाची खबर द्यायला.

इथवर ऐकून बायका हसल्या, माना डोलावल्या. आम्हालाही वाटलं, की जादू काढली आणि यंत्र बसवलं, एवढंच असावं. पण यंत्र आलं की त्याच्या मागोमाग आणखी काही येतं. जादूचा हिशोब कुणी मागत नाही. परीने कांडी फिरवली, रथ झाला, संपलं. यंत्राला मात्र किंमत असते, मालक असतो, दुरुस्तीचा खर्च असतो, त्याच्याबद्दल कायदा असतो. धातूचा पाय म्हटलं, की पैसे कुणी दिले हे विचारावं लागतं. मग तो पाय कुणाच्या मालकीचा, हेही विचारावं लागतं.

या पुस्तकाचा गाभा इथे आहे. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे सायबॉर्ग माणसावर त्याच्या पालकाची मालकी असते. सिंडरला दत्तक घेणारा बाप साथीच्या रोगात वारला आणि ती सावत्र आईच्या, आद्रीच्या ताब्यात आली. दिवसभर टपरीवर सिंडरने कमवायचं आणि पैसे जायचे आद्रीकडे. तिने विकत घेतलेली वस्तू आद्रीची. तिचा पायसुद्धा आद्रीचा. घरातल्या धाकट्या बहिणीला, पिओनीला, साथीचा रोग होतो. ती सिंडरची लाडकी बहीण. पण आद्री सगळा राग सिंडरवर काढते आणि औषधाच्या प्रयोगासाठी तिचं शरीर परस्पर सरकारला देऊन टाकते. त्या बदल्यात घरच्यांना पैसे मिळणार असतात. सिंडरला कुणी विचारत नाही, कारण कायद्याने विचारायची गरजच नसते.

जुन्या सिंड्रेलात सावत्र आई वाईट आहे, कारण ती स्वभावाने दुष्ट आहे. नव्या गोष्टीत ती जे करते ते कागदोपत्री बरोबर आहे. फरक एवढाच, पण फार मोठा. स्वभावाला औषध नाही असं म्हणून आपण गप्प बसतो. कायदा मात्र माणसांनी केलेला असतो आणि माणसांना तो बदलता येतो.

हे नुसतं कल्पनेतलं आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये १८७० साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. तोपर्यंत लग्न झालेल्या बाईने मिळवलेली मजुरी कायद्याने नवऱ्याची असायची. पेरो यांच्या काळात आणि ग्रिम बंधूंच्या काळात सिंड्रेलाच्या कामाची मजुरी कुणाची, हा प्रश्न गोष्टीत कुणाला सुचलाही नाही. तिचं दुःख चुलीच्या राखेचं आणि फाटक्या कपड्यांचं. भविष्यकाळातली गोष्ट रचताना लेखिकेला नवा समाज, नवे नियम मांडावे लागले आणि ते मांडताना हा जुनाच प्रश्न उघड्यावर आला.

आता बैठकीत जे झालं, ते सांगतो. संबंधित ताईंना विचारूनच सांगतो आहोत, नाव घेत नाही.

गोष्ट सांगणारी मुलगी सतरा वर्षांची. कॉलेज करून घरी साड्यांना फॉल-पिको करते. सिंडरच्या पैशांचा भाग सांगून झाला आणि ती बोलून गेली, “माझ्या फॉल-पिकोचे पैसे पण असेच जातात.” सगळ्या गप्प. तिची आई आमच्या गटाची जुनी सभासद. ती तिथेच म्हणाली, “म्हणजे मी काय सावत्र आहे का गं?” आणि उठून गेली. पुढच्या बैठकीला आली नाही. बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवले.

आम्हाला वाईट वाटलं. गोष्टीच्या नादात एका आईचा भर बैठकीत अपमान झाला, असं वाटलं. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिने आधी चहा ठेवला. मग कपाटातून कॉलेजच्या फीच्या पावत्या काढल्या, घरावर नवे पत्रे घातले त्याचं बिल काढलं. म्हणाली, “मी खाल्ले का पैसे?” नव्हतेच खाल्ले. सगळे घरालाच लागले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मी लग्नाआधी खुरपायला जायचे. माझी मजुरी मुकादम बापाच्या हातात द्यायचा. किती झाली, हे मला कधी कळलं नाही. पण म्हणून मी बापाला वाईट म्हटलं नाही.” मुलगी उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

त्या दिवशी आम्ही त्यांना एक माहिती सांगितली, जी पुस्तकं शोधताना आम्हाला मिळाली होती. ग्रिम बंधूंनी १८१२ साली हिमगौरीची गोष्ट पहिल्यांदा छापली, तेव्हा तिच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सख्खी आई मरते आणि दुष्टपणा सावत्र आईकडे जातो. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या गोष्टीतही असंच झालं. मुलांना जंगलात सोडून यायला सांगणारी बाई आधी आईच होती, नंतरच्या एका आवृत्तीत ती सावत्र झाली. आईबद्दल असं छापणं लोकांना जड गेलं असावं. तेव्हापासून घरातली प्रत्येक अडचणीची गोष्ट आपण सावत्र आईच्या पदरात टाकत आलो. खरं तर कधीकधी सख्ख्या, प्रेमाच्या घरातही मुलीला न विचारता तिचं काही घेतलं जातं. ते दुष्टपणाने होत नाही. तसं आपल्याही वाट्याला आलेलं असतं, म्हणून होतं.

ती आई पुढे काय म्हणाली, ते शेवटी सांगतो. आधी उरलेल्या तीन पुस्तकांबद्दल थोडक्यात.

‘स्कार्लेट’ ही लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट. पेरो यांच्या जुन्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. तात्पर्य असं, की मुलींनी परक्याशी बोलू नये. ग्रिम बंधूंनी शिकारी आणून तिला सोडवलं. नव्या गोष्टीत स्कार्लेट फ्रान्समध्ये आजीची शेती सांभाळते, भाजीपाला पोचवते आणि आजी बेपत्ता झाल्यावर पोलिसांनी हात वर केले तरी स्वतः शोधायला निघते. लांडगा म्हणजे चंद्रावरच्या राणीने शरीरात बदल करून तयार केलेला सैनिक. तो लांडगा जन्माने झाला, की त्याला कुणी तसा बनवला? मुलींनी या एका प्रश्नावर अर्धा तास वाद घातला.

‘क्रेस’ ही रॅपन्झेलची गोष्ट. मनोरा म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह. त्यात एका मुलीला सात वर्षं एकटी कोंडलेली आहे. कॉम्प्युटरमधली ती इतकी हुशार, की राणी तिच्याकडून पृथ्वीवर पाळत ठेवायचं काम करून घेते. हुशारी वापरायची आणि दार उघडायचं नाही. घरात बसून मोबाईलवर साऱ्या जगाशी बोलणाऱ्या, पण एकटीने तालुक्याला जाता न येणाऱ्या आमच्या मुलींना ही क्रेस सगळ्यांत जवळची वाटली.

‘विंटर’ म्हणजे हिमगौरी. चंद्रावरच्या लोकांना दुसऱ्याच्या शरीरातल्या सूक्ष्म विजेवर ताबा मिळवून त्याच्या मनाला भुलवता येतं. राणी लेवाना याच शक्तीने सुंदर दिसते आणि लोकांकडून हवं ते करून घेते. विंटर ही तिची सावत्र मुलगी. तिच्या चेहऱ्यावर व्रण आहेत, पण ती ते लपवत नाही. आपण कुणाच्या मनाशी खेळायचं नाही, असं तिने ठरवलं आहे आणि त्याची किंमत म्हणून तिचं स्वतःचं मन आजारी पडतं. विषारी सफरचंदाच्या जागी रोगाचे जंतू घातलेली, सफरचंदाच्या चवीची मिठाई आहे. काचेच्या पेटीच्या जागी रुग्णाला निद्रिस्त ठेवणारी टाकी आहे.

आता उणी बाजूही सांगायला हवी. पुस्तकं जाड आहेत. इंग्रजी सोपं असलं तरी नव्या शब्दांनी भरलेलं आहे. त्यांत रोग आहे, मृत्यू आहे, युद्ध आहे, म्हणून अगदी लहान मुलांना देऊ नका. आठवी-नववीपासून पुढे ठीक. आणि आमच्या एका मावशींची तक्रार आम्हाला पटली. त्या म्हणाल्या, “एवढी कष्टाची मेकॅनिक पोर, तीही शेवटी राजकन्याच निघाली होय? साध्या घरची असती तर काय बिघडलं असतं?” खरं आहे. चारही मुलींची जोडी कुणा ना कुणाशी जुळते, हेही जुन्या वळणाचंच. मात्र एक आहे. राणी झाल्यावर सिंडर राजेशाहीच संपवायचं ठरवते, म्हणजे पुढे चंद्रावरचे लोक आपले पुढारी निवडून देतील. हे ऐकून मावशी म्हणाल्या, “मग चालेल.”

तर मैत्रिणींनो, मुलगी अशी पुस्तकं वाचत असेल तर तिच्या हातातून काढून घेऊ नका. तिला म्हणा, “मला मराठीत सांग.” सांगताना तिचा अभ्यास होतो आणि आपल्याला तिचं मन कळतं. तीन प्रश्न मात्र नक्की विचारा. जुन्या गोष्टीतली कुठली वस्तू इथे कशी बदलली? या जगातला नियम कुणी केला आणि त्याचा फायदा कुणाला? तू त्या मुलीच्या जागी असतीस तर काय केलं असतंस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. आम्ही बोललो होतो, म्हणून सांगतो.

आणि आपल्या गोष्टींवरही हे करून पाहा. आमच्या मुलींनी चिऊ-काऊची गोष्ट घेतली. एकीने विचारलं, “चिमणीचं मेणाचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर कुणाच्या नावावर होतं?” तुम्ही आपल्या घरच्या उताऱ्यावर पाहिलंय का कुणाचं नाव आहे? नसेल पाहिलं, तर या आठवड्यात पाहा.

आता त्या आईचं. दोन महिन्यांनी ती बैठकीला आली. मुलीसाठी तिने शंभर पानी वही आणली आहे. फॉल-पिकोचे किती आले आणि कुठे गेले, हे मुलगी स्वतः लिहिते. घराला लागतात तेव्हा आई मागते आणि मुलगी देते. बँकेच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांवरच्या मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं. तेही आम्ही सांगून ठेवलं आहे. खातं अजून उघडलेलं नाही. कागद जमवणं चालू आहे.

आणि मागच्या बैठकीत त्या आईने कोपऱ्यात बसून आम्हाला हळूच विचारलं, “ताई, त्या सिंडरचा नवा पाय मिळाला का तिला?” आम्ही तिला मुलीकडे पाठवलं. म्हटलं, ती सांगेल.

पुढच्या भागात गटाच्या वार्षिक ताळेबंदाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.